चिपवरचा अ‍ॅक्टिव्ह मायक्रोवेव्ह फिल्टर: क्यू नंतर, आधी नॉइजचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी १८० नॅनोमीटर सीमॉसमध्ये (चिप बनवण्याच्या एका तंत्रात) ५ गिगाहर्ट्झवर २०० मेगाहर्ट्झ रुंदीचा बँडपास फिल्टर (तेवढाच पट्टा पुढे जाऊ देणारा) करायचा आहे. स्पायरल इंडक्टर (चिपवरची धातूच्या पट्टीची गुंडाळी) जागा खातो म्हणून तुम्ही जायरेटरवर (ट्रान्झिस्टरने इंडक्टरची नक्कल करणाऱ्या सर्किटवर) बेतलेला अ‍ॅक्टिव्ह इंडक्टर घेतलात. सिम्युलेशनमध्ये त्याचा क्यू, म्हणजे लॉस किती कमी आहे याचं माप, २०० दिसतोय. हाच मार्ग पुढे न्यावा का, चिप आल्यावर ती ऑसिलेट होणार नाही याची खात्री कशी करावी, आणि मुंबईत मोजणी करताना काय सांभाळावं, असं तुम्ही विचारलंय.

या फिल्टरसाठी जायरेटर सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. स्पायरल ठेवा, त्याचा लॉस निगेटिव्ह रेझिस्टन्सने (ऊर्जा परत देणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या जोडीने) भरून काढा आणि दोन रेझोनेटरवर (इंडक्टर-कपॅसिटरच्या जोड्यांवर) थांबा. ट्रान्झिस्टर लॉस परत देतो, पण तो देताना स्वतःचा नॉइज आणि स्वतःची मर्यादाही सर्किटमध्ये आणतो. त्यामुळे अ‍ॅक्टिव्ह फिल्टरची किंमत त्याच्या एस-२१ च्या (किती सिग्नल पलीकडे पोचतो त्याच्या) आलेखात कधीच दिसत नाही. ती नॉइज फिगरमध्ये (सर्किट किती नॉइज मिसळतं त्यात), कॉम्प्रेशनमध्ये (मोठ्या सिग्नलला आउटपुट दबण्यात) आणि थंडीतल्या स्थिरतेत दिसते. म्हणून हिशेब तिथूनच सुरू करायला हवा.

आधी ट्रान्झिस्टरची गरज का पडते ते आकड्यांत पाहू. बँडच्या मध्यावरचा लॉस काढायचं जुनं, भरवशाचं सूत्र आहे: ४.३४ ला प्रोटोटाइपच्या जी-किमतींच्या (फिल्टरच्या तक्त्यातल्या प्रमाणित आकड्यांच्या) बेरजेने गुणायचं आणि सापेक्ष बँडविड्थ गुणिले रेझोनेटरचा क्यू याने भागायचं. तुमची सापेक्ष बँडविड्थ ०.०४. दोन पोलच्या बटरवर्थसाठी जी-किमतींची बेरीज २.८३. क्यू १००० असलेला रेझोनेटर मिळाला असता तर लॉस ०.३ डीबी आला असता. सिलिकॉनवरचा स्पायरल ५ गिगाहर्ट्झवर साधारण १० ते १५ क्यू देतो. १२ धरला तर उत्तर येतं २५ डीबीच्या वर. इतक्या लॉसला सूत्र अचूक राहत नाही, पण अर्थ स्वच्छ आहे. फिल्टरला २५ चा लोडेड (जोडणीसकट) क्यू हवाय आणि रेझोनेटरचा स्वतःचाच १२ आहे, म्हणजे फिल्टर तयारच होत नाही. मोबाइल फोनच्या अँटेनामागे आजही सॉ आणि बॉ (ध्वनिलहरींवर चालणारे) फिल्टर बसवतात ते याच कारणाने. तिथे अ‍ॅक्टिव्ह फिल्टर घालण्याचा विचारही करू नये. लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे, चिपच्या आत, जिथे बाहेर जाऊन परत येणं महाग पडतं, तिथे मात्र त्याला खरी जागा आहे. तुमचा फिल्टर तिथेच बसणार आहे असं धरते.

आता तुमचा जायरेटर. कल्पना टेलेजन यांची, १९४८ सालची. दोन ट्रान्सकंडक्टर (व्होल्टेजचा करंट करणारी सर्किटं) पाठीला पाठ लावून जोडले की एका टोकाचा कपॅसिटर दुसऱ्या टोकाला इंडक्टरसारखा दिसतो. इंडक्टन्स म्हणजे तो कपॅसिटन्स भागिले दोन्ही जीएमचा (व्होल्टेजमागे किती करंट मिळतो त्याचा) गुणाकार. १९८० च्या दशकाच्या शेवटी गॅलियम आर्सेनाइडच्या चिपवर असे इंडक्टर मायक्रोवेव्हला चालवून दाखवले गेले आणि रुंद बँडच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते खरोखर उपयोगी ठरले. तिथे क्यू दोन-तीन असला तरी भागतं. अरुंद बँडच्या फिल्टरमध्ये गोष्ट वेगळी आहे. दोन्ही ट्रान्सकंडक्टरचा नॉइज करंट थेट रेझोनेटरमध्ये ओतला जातो. दोन्ही बाजूंचे कपॅसिटर सारखे ठेवले, ट्रान्झिस्टरचा गॅमा (नॉइजचा गुणक) १ धरला, तर चांगल्यात चांगल्या स्थितीतही जायरेटरच्या रेझोनेटरचा नॉइज तेवढ्याच क्यूच्या साध्या एलसी रेझोनेटरच्या सुमारे २ गुणिले क्यू इतका पट निघतो. तुमच्या २०० क्यूला ४०० पट. क्यू वाढवला की लॉस उतरतो आणि हा गुणक चढतो, म्हणून फिल्टरची नॉइज फिगर २२-२३ डीबीच्या आसपास अडकून बसते. तुम्ही १०० घ्या की २००, फारसा फरक पडत नाही. इंडक्टन्सची जागा वाचवायला तुम्ही आतला कपॅसिटर लहान केला असेल, तर आकडा याहून वाईट असेल. एस-पॅरामीटरचं सिम्युलेशन यातलं काहीच दाखवत नाही. आजच नॉइजचं सिम्युलेशन लावून बघा.

स्पायरल आणि निगेटिव्ह रेझिस्टन्सचा हिशेब करू. १ नॅनोहेन्रीचा स्पायरल घ्या, ५ गिगाहर्ट्झला तो ३१.४ ओहम. त्याच्याशी जुळणारा कपॅसिटर १ पिकोफॅरडच्या जवळ. क्यू १२ म्हणजे समांतर रेझिस्टन्स ३७७ ओहम, कंडक्टन्स २.६५ मिलिसीमेन्स. क्यू १०० करायचा तर शिल्लक कंडक्टन्स फक्त ०.३२ ठेवायचा, म्हणजे क्रॉस-कपल्ड जोडीने (एकाचा आउटपुट दुसऱ्याच्या गेटला जोडलेल्या दोन ट्रान्झिस्टरनी) उणे २.३३ द्यायचं. डिफरन्शियल जोडीचा कंडक्टन्स उणे जीएम भागिले दोन, म्हणून प्रत्येक ट्रान्झिस्टरचा जीएम ४.७ मिलिसीमेन्स लागेल. एका मिलिअँपिअरला १० मिलिसीमेन्स या हिशेबाने दर ट्रान्झिस्टरला अर्धा मिलिअँपिअर पुरतो. दोन रेझोनेटरना मिळून दोन मिलिअँपिअरच्या आत काम होतं. खर्च किरकोळ आहे.

नॉइज मात्र रद्द होत नाही. स्पायरलचा लॉस तुम्ही रद्द केलात, पण त्याचा थर्मल नॉइज तसाच आहे आणि त्यावर जोडीचा नॉइज जमा झालाय. २.६५ आणि २.३३ यांची वजाबाकी सिग्नलला दिसते, बेरीज नॉइजला दिसते. म्हणून नॉइज त्याच क्यूच्या खऱ्या रेझोनेटरच्या सुमारे १६ पट. क्यू १०० ला मध्यावरचा लॉस ३ डीबी, त्यावरून नॉइज फिगर सुमारे १२ डीबी येते. आता हेच क्यू ६० धरून करा. लॉस वाढून ५ डीबी होतो, पण नॉइजचा गुणक ९ वर उतरतो आणि नॉइज फिगर १३ डीबीच्या किंचित वर राहते. क्यू जवळपास निम्मा केला आणि नॉइज फिगर एका डीबीने बिघडली! हा आकडा विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावा असं मला मनापासून वाटतं. क्यूच्या मागे धावणं किती निष्फळ आहे ते त्यात दिसतं.

समोर २० डीबी गेन आणि २ डीबी नॉइज फिगरचा अ‍ॅम्प्लिफायर ठेवला तर या फिल्टरसकट एकूण नॉइज फिगर २.५ डीबी. जायरेटर ठेवला तर ५ च्या वर. दोन मार्गांतला फरक इथे थेट रिसीव्हरच्या पदरात पडतो.

म्हणून क्यू ६० च घ्या असं मी म्हणते, आणि त्याला स्थिरतेचं कारण तर त्याहून मोठं आहे. क्यू १०० ला जीएम एक टक्का वाढला की क्यू सुमारे आठ टक्के वाढतो. पाच टक्के वाढला की क्यू जवळजवळ १६०. चौदा टक्के वाढला की शिल्लक कंडक्टन्स शून्याखाली जातो आणि तुमचा फिल्टर ऑसिलेटर होतो. प्रोसेस कॉर्नरमध्ये (चिप बनताना पडणाऱ्या फरकाच्या टोकांना) जीएम एवढा सहज हलतो. क्यू ६० ला हीच सीमा २५ टक्क्यांवर जाते. क्यू ३०० घेतलात तर जेमतेम चार टक्के उरतात. ते सिम्युलेशनमध्ये चालेल, सिलिकॉनवर चालणार नाही.

उलट दिशेनेही हेच गणित लागतं आणि बहुतेक जण ते विसरतात. सिग्नल मोठा झाला की जोडीचा परिणामी जीएम घसरतो. क्यू १०० च्या फिल्टरमध्ये जीएम फक्त पाच टक्के घसरला की क्यू ७३ वर येतो आणि मध्यावरचा लॉस ३.१ वरून ४.२ डीबी होतो. म्हणजे ट्रान्झिस्टर अजून आरामात असताना फिल्टर १ डीबी कॉम्प्रेशनला पोचलासुद्धा. त्यामुळे जोडीला ओव्हरड्राइव्ह (थ्रेशोल्डच्या वरचा गेट व्होल्टेज) भरपूर द्या. अर्धा मिलिअँपिअर पुरतो हे वर सांगितलं, पण मी दुप्पट देईन आणि ट्रान्झिस्टरची रुंदी त्या मानाने कमी करून जीएम तेवढाच ठेवीन. समोरच्या अ‍ॅम्प्लिफायरने उणे ३० डीबीएमचा (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली पॉवर) बाहेरचा सिग्नल उणे १० वर आणून फिल्टरच्या दारात उभा केलेला असतो, हेही लक्षात ठेवा. २०० मेगाहर्ट्झमध्ये थर्मल नॉइज उणे ९१ डीबीएम. त्यात १३ मिळवले की उणे ७८. वरची मर्यादा जिथे कॉम्प्रेशन सुरू होतं तिथे. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे तुमचा फिल्टर, आणि प्रबंधात पहिल्या तक्त्यात तेच यावं.

थंडीचा मुद्दा वेगळा काढते, कारण मुंबईत बसून तो सुचतच नाही. तापमान उतरलं की दोन गोष्टी एकाच दिशेने जातात. करंट तोच ठेवला तर मोबिलिटी वाढल्याने जीएम वाढतो. त्याच वेळी स्पायरलच्या अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स कमी होतो, अंशामागे सुमारे ०.४ टक्के. २७ वरून उणे ४० अंशांवर गेलं की डीसी रेझिस्टन्स पावपट घटतो. ५ गिगाहर्ट्झवर स्किन इफेक्ट आणि सब्स्ट्रेटच्या लॉसमुळे तो पूर्ण फायदा क्यूमध्ये उतरत नाही, तरी जो उतरतो तो ऑसिलेशनच्याच बाजूला ढकलतो. कॉन्स्टंट-जीएम बायस घेतला तर पहिली गोष्ट आटोक्यात येते, दुसरी नाही. म्हणून जोडीचा करंट डिजिटल नियंत्रणात ठेवा, निदान पाच बिटचा डॅक (डिजिटल कोडवरून करंट ठरवणारं सर्किट) द्या.

ट्यूनिंग ही ऐच्छिक सोय समजू नका. चिपवरचा कपॅसिटर प्रोसेसने दहा टक्के हलला तर फ्रीक्वेन्सी पाच टक्के, म्हणजे २५० मेगाहर्ट्झ हलते. तुमचा अख्खा बँड २०० चा आहे. न ट्यून केलेला फिल्टर त्याच्या जागेवर असेलच असं नाही. स्विच केलेल्या कपॅसिटरची बँक ठेवा आणि बारीक हालचालीला छोटा व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने बदलणारा कपॅसिटर). मोठा व्हॅरॅक्टर लावू नका, तो स्वतःच नॉन-लिनिअर असतो. ट्यून करायची एक सुरेख रीत आहे: एका वेळी एकच रेझोनेटर मुद्दाम ऑसिलेट करायचा, डिव्हायडर लावून त्याची फ्रीक्वेन्सी मोजायची, बँक हलवून ती जागेवर आणायची, मग जोडीचा करंट ऑसिलेशन थांबेपर्यंत उतरवायचा आणि तिथून ठरलेलं अंतर आणखी खाली न्यायचा. फ्रीक्वेन्सी आणि क्यू दोन्ही याच एका प्रयोगात बसतात. ऑसिलेशन थांबण्याचा कोड हाच त्या चिपचा, त्या तापमानाचा शून्य कंडक्टन्सचा बिंदू असतो. प्रोसेस कशीही आलेली असो, त्याच्यापासून मोजलेलं अंतर खरं असतं. ऑसिलेट होताना आणि फिल्टर म्हणून चालताना फ्रीक्वेन्सीत थोडा फरक पडतो, तो सिम्युलेशनमधून काढून दुरुस्ती करा.

स्थिरतेच्या तपासणीत के-फॅक्टर (स्थिरतेचा नेहमीचा निकष) पाहून थांबू नका. तो बाहेरच्या दोन पोर्टवरून बोलतो. आतल्या वळणात काय चाललंय ते त्याला दिसेलच असं नाही. प्रत्येक रेझोनेटरच्या नोडवर छोटा करंट सोर्स लावून इम्पिडन्सचे पोल पाहा, किंवा नॉर्मलाइज्ड डिटर्मिनंट काढून त्याचा आलेख शून्याला वेढा घालतो का ते तपासा. हे १०० मेगाहर्ट्झपासून ट्रान्झिस्टरच्या गेनच्या सीमेपर्यंत करा, फक्त ५ गिगाहर्ट्झच्या आसपास नाही. कॉमन मोड (दोन्ही बाजू एकाच दिशेने हलतात ती स्थिती) वेगळा तपासा. डिफरन्शियल सर्किट नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये शहाण्यासारखं वागतं आणि कॉमन मोडमध्ये सप्लायच्या बाँडवायरशी जुळून ऑसिलेट होतं. बाँडवायर मिलिमीटरला सुमारे १ नॅनोहेन्री, म्हणजे तुमच्या स्पायरलएवढीच. सप्लायला चिपवर डिकपलिंग द्या आणि त्या कपॅसिटरला मालिकेत काही ओहमचा रेझिस्टर लावा, नाहीतर तोही बाँडवायरबरोबर रेझोनेटर बनतो.

लेआउटबद्दल एकच गोष्ट ठासून सांगते. दोन पोलच्या तुमच्या बटरवर्थला रेझोनेटरमधलं कपलिंग हवंय ०.०२८. शेजारी ठेवलेल्या दोन स्पायरलमध्ये नकळत येणारं चुंबकीय कपलिंग ०.०१ पर्यंत सहज जाऊ शकतं. म्हणजे जे तुम्ही कपॅसिटरने मोजून-मापून देणार, त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं फुकटात आणि नको त्या चिन्हाने येईल. दोन्ही स्पायरल, गार्ड रिंग आणि मधली ग्राउंडची पट्टी एकत्र इलेक्ट्रोमॅग्नेटिक सिम्युलेशनमध्ये घ्या, एकेकटे नाही. आठच्या आकड्यासारखा स्पायरल हा उपाय आहे, पण त्यात क्यू थोडा जातो. जागा असेल तर अंतर वाढवणं बरं.

एन-पाथ फिल्टर का नाही, हे कुणीतरी व्हायव्हात विचारणारच. ती कल्पना १९६० ची, फ्रँक्स आणि सँडबर्ग यांची. २०१० नंतरच्या काळात तिने चिपवरच्या फिल्टरचं चित्र बदलून टाकलं. स्विच आणि कपॅसिटर एवढ्यावर, घड्याळाच्या फ्रीक्वेन्सीला चिकटून चालणारा फिल्टर मिळतो. ट्यूनिंगचा प्रश्नच मिटतो आणि लिनिअरिटी उत्तम. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये ६५ नॅनोमीटर सीमॉसमध्ये ०.१ ते १ गिगाहर्ट्झ फिरणारा, ३५ मेगाहर्ट्झ रुंदीचा असा फिल्टर मांडला. तुमचं काम १ गिगाहर्ट्झच्या आसपास असतं तर मी डोळे झाकून तोच करा म्हटलं असतं. पण ५ गिगाहर्ट्झला चार फेजसाठी ५० पिकोसेकंदाचे, एकमेकांवर न चढणारे पल्स लागतात, आणि ते दोनाने भागून करायचे तर १० गिगाहर्ट्झचं घड्याळ. १८० नॅनोमीटरमध्ये पल्सच्या कडाच त्या वेळाचा मोठा भाग खातील. स्विचला चालवायची वीजही तुमच्या दोन-चार मिलिअँपिअरच्या कितीतरी पट जाईल.

मोजणीचं सांगते. तुम्ही मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीची १८० नॅनोमीटर लाइन वापरत असाल तर चिप हातात यायला वेळ आहे. तेवढ्यात प्रोब स्टेशनची सोय लावून ठेवा. पवईला आयआयटीच्या आवारात समीर ही सरकारी संशोधन संस्था आहे. १९८४ पासून ती संस्था मायक्रोवेव्हमध्ये काम करते. आयआयटीतल्या प्रयोगशाळाही आहेत. गाईडच्या सहीचं पत्र घेऊन दोन्हीकडे आत्ताच चौकशी करा. पॅडचं अंतर आणि ग्राउंड-सिग्नल-ग्राउंडची मांडणी तिथल्या प्रोबला जुळते का, हे टेप-आउटच्या (डिझाइन फॅबला पाठवण्याच्या) आधी कळलं पाहिजे. केबल आणि अ‍ॅडॅप्टर लॅमिंग्टन रोडवर मिळतात, पण ५ गिगाहर्ट्झच्या कामाला तिथला कुठलाही कनेक्टर आधी नेटवर्क अ‍ॅनालायझरवर तपासल्याशिवाय लावू नका.

चिपला बायस दिला की पहिलं काम स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर. इनपुटवर काही न देता, पूर्ण बँडमध्ये काही दिसतंय का ते पाहा. इमारतीतलं वाय-फाय याच ५ गिगाहर्ट्झमध्ये बोलतं, त्यामुळे बायस बंद करून तीच रेघ राहते का हेही बघा. मग नेटवर्क अ‍ॅनालायझर, आणि त्याची पॉवर उणे ४० डीबीएम. अनेक यंत्रांची सुरुवातीची पॉवर शून्याच्या आसपास असते. त्या पॉवरला तुमची जोडी दबलेली असते, क्यू पडलेला दिसतो, आणि लोक निष्कारण लेआउटमध्ये चूक शोधत बसतात. उणे ४० आणि उणे ३० ला आलेख एकावर एक बसला तरच तो खरा धरा.

थंडीची मोजणी जून ते सप्टेंबरमध्ये ठेवू नका. त्या दिवसांत मुंबईच्या हवेत इतकी वाफ असते की चक (चिप ठेवायची तबकडी) २० अंशांच्या खाली नेला की चिपवर दव धरतं आणि शून्याखाली बर्फ. पॅडमधली गळती वाढते आणि तुम्हाला वाटतं क्यू गेला. बंद चेंबर आणि कोरड्या नायट्रोजनचा झोत असेल तरच पावसाळ्यात करा, जमलं तर जानेवारीचा स्लॉट मागून घ्या, पण शून्याखाली जायला हा झोत तेव्हाही लागेलच. चक खाली नेताना दर दहा अंशांवर ऑसिलेशन थांबण्याचा कोड टिपत जा. खोलीच्या तापमानाला तो कोड डॅकच्या तळाशी आलेला असेल तर थंडीत खाली जायला जागाच उरणार नाही. म्हणून डॅकचा पल्ला ठरवतानाच नेहमीचा बिंदू मधोमध ठेवा.